एक घटना, दोन नोंदी : सर्व्हर-समूहातील बिघाडाचा अभ्यास

उज्जैनमध्ये संगणकशास्त्र शिकविताना मला एक प्रश्न दरवर्षी ऐकायला मिळतो : "सर, तीन-तीन सर्व्हर असताना सेवा बंद कशी पडते?" एक पडला तर दुसरा आहे, दुसरा पडला तर तिसरा आहे, हा हिशेब बरोबर वाटतो. परंतु सगळी यंत्रे चालू असूनही समूह कोलमडू शकतो; कारण त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नसतात. हा बिघाड कसा ओळखावा आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करावा, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे. त्यासाठी एक उदाहरण आपल्याच गावच्या ज्योतिषपरंपरेतून घेतले आहे.

1. प्रमुख, प्रत आणि दुभंग

समूहात तीच माहिती अनेक सर्व्हरांवर ठेवलेली असते. त्यांतील एक प्रमुख असतो. नवी नोंद आधी त्याच्याकडे होते आणि मग इतर प्रतींकडे जाते. या प्रवासाला लागणारा वेळ म्हणजे 'विलंब'. तो काही मिलिसेकंदांचा असेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

समजा, 2028 च्या सिंहस्थासाठी एका धर्मशाळेचे आरक्षण अशा समूहावर चालले आहे. यंत्रांमधला संपर्क तुटला आणि दोन्ही बाजूंनी स्वतःलाच प्रमुख मानले, तर एकच खोली इंदूरच्या कुटुंबालाही मिळते आणि नागपूरच्याही. दोन्ही पावत्या खऱ्या असतात, दोन्ही यंत्रांचे दिवे हिरवे असतात. गोंधळ उघड होतो तो सामानसुमान घेऊन माणसे दारात उभी राहिल्यावर. या अवस्थेला मी वर्गात 'दुभंग' म्हणतो.

2. गणित बरोबर, आरंभ वेगळा

सिद्धान्तग्रंथांनी लंका-उज्जयिनी ही मध्यरेषा मानली. इतर गावच्या ज्योतिष्याने तिच्यापासूनच्या अंतराप्रमाणे आपल्या गणिताला 'देशांतर-संस्कार' द्यायचा. गावे वेगळी असूनही गणित जुळे, ते या सामाईक रेषेमुळे. आजही आपल्या वेधशाळेतील सम्राट यंत्रावरची वेळ प्रमाणवेळेत आणायची तर सुमारे 27 मिनिटे मिळवावी लागतात आणि कालसमीकरणाचा संस्कारही करावा लागतो.

आरंभबिंदूवरच एकमत नसले तर काय होते, हे मराठी घरांना ठाऊक आहे. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा पक्षाचे, तर लोकमान्य टिळक रेवती पक्षाचे. दोन्ही पक्षांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश पुढे सरकतो, म्हणून संक्रांतीत चारेक दिवसांचा फरक पडतो. अधिक मास वेगळा आला की त्या वर्षी दोन पंचांगांतील गणेशचतुर्थीत महिन्याचे अंतर पडू शकते. दोन्ही पंचांगे आतून सुसंगत आहेत. बेरजा-गुणाकार कितीदाही तपासले तरी हा फरक नाहीसा होणार नाही, कारण तो पहिल्याच आकड्यात आहे.

केंद्र सरकारने 1952 मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्यात उज्जैनच्या माधव महाविद्यालयाचे प्रा. आर. व्ही. वैद्य, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. समितीने 1955 च्या अहवालात अयनांशाचे एक मूल्य ठरविले आणि गणनेसाठी केंद्रस्थान नेमले : 82 अंश 30 कला पूर्व रेखांश, 23 अंश 11 कला उत्तर अक्षांश. रेखांश भारतीय प्रमाणवेळेचा, अक्षांश उज्जैनचा. राष्ट्रीय दिनदर्शिका 22 मार्च 1957 पासून लागू झाली, तरी जुनी पंचांगे चालूच राहिली. सर्व्हर-समूहाला मात्र अशी मोकळीक नाही. तिथे आरंभबिंदू एकच असावा लागतो. म्हणून दोन प्रती जुळेनाशा झाल्या की आधी त्यांची घड्याळे, आवृत्त्या आणि मांडणीचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. 'सर्ट-इन'च्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत संगणकांची घड्याळे ठरावीक राष्ट्रीय कालस्रोतांशी जुळवायला सांगितले आहे, त्यामागेही हेच कारण आहे.

3. बहुमत कशाचे?

दुभंग टाळण्यासाठी बहुमताचा नियम वापरतात : निम्म्याहून अधिक सर्व्हरांची संमती असेल तोच प्रमुख. तिघांत दोघांची, पाचांत तिघांची संमती लागते. चार सर्व्हर ठेवून विशेष लाभ नाही. तिथे तिघांची संमती लागते, म्हणजे एकच यंत्र पडलेले चालते; तीन सर्व्हरांतही तेवढेच चालते.

पण एवढे पुरत नाही. 21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क अवघ्या 43 सेकंदांसाठी तुटला. बहुमताने पश्चिम किनाऱ्यावर नवे प्रमुख निवडले गेले. मात्र पूर्वेकडच्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी तिकडे पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या. आता कोणतीही एक बाजू टाकून देता येईना. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटे लागली, कारण कंपनीने वेगापेक्षा माहिती जपण्याला महत्त्व दिले. यावरून विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे ते असे : प्रमुख निवडताना जसे बहुमत हवे, तशीच नोंदही बहुसंख्य प्रतींत पोहोचल्याशिवाय पक्की मानू नये.

4. दुरुस्तीचा क्रम

अ) नवे लेखन थांबवा. दुभंग चालू असताना जाणारे प्रत्येक मिनिट पुढची जुळवणी कठीण करते.

आ) दोन्ही प्रती जशा आहेत तशा वेगळ्या जपून ठेवा. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबमध्ये मागे पडलेली प्रत नव्याने भरण्यासाठी तिच्यातील माहिती पुसायची होती. आज्ञा मात्र प्रमुखावर दिली गेली. सुमारे 300 गिगाबाइटपैकी 4.5 उरले. नेहमीच्या राखीव प्रती कामी आल्या नाहीत. सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून काम सावरले, पण मधल्या तासांच्या नोंदी गेल्या. म्हणून पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

इ) शेवटची सामाईक नोंद शोधा. घड्याळाच्या वेळेपेक्षा नोंदींच्या अनुक्रमांकावर अधिक भरवसा ठेवा. घड्याळे पुढेमागे झालेली असू शकतात.

ई) त्यानंतरच्या नोंदींचे तीन गट करा : फक्त पहिल्या प्रतीत असलेल्या, फक्त दुसऱ्या प्रतीत असलेल्या, आणि एकाच गोष्टीबद्दल दोन्हीकडे वेगवेगळ्या असलेल्या. पहिले दोन गट बहुधा यंत्र जुळवू शकते. तिसरा गट माणसाने पाहावा. खोली इंदूरच्या कुटुंबाला द्यायची की नागपूरच्या, हे 'नंतरची नोंद खरी' एवढ्या नियमावर सोडणे अन्यायाचे होईल.

उ) जुळवलेल्या प्रतीवरून इतर प्रती नव्याने भरा, विलंब मोजा आणि मगच लेखन सुरू करा. राखीव प्रतीवरून माहिती खरोखर परत उभी राहते का, हेही दर महिन्याला करून पाहा.

स्वाध्याय : (1) सहा सर्व्हरांच्या समूहात किती यंत्रे बंद पडलेली चालतील? पाच सर्व्हरांशी तुलना करा. (2) धर्मशाळेच्या उदाहरणात तिसऱ्या गटातील नोंदींचा निवाडा कोणी आणि कोणत्या आधारावर करावा, याचे नियम दहा ओळींत मराठीतून लिहा.