स्टॉक म्हणजे माल, शेअर की लाकडाचा ओंडका?

क्लोजिंग स्टॉकचा व्हिडिओ टाकला आणि बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "सर, दुकानातला माल पण स्टॉक आणि डीमॅटमधले शेअर पण स्टॉक, हे कसं काय?"

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता झाडाचं खोड, ओंडका. गुन्हेगाराचे पाय ज्या लाकडी खोड्यात अडकवायचे, त्यालाही स्टॉक्सच म्हणायचे. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या खजिन्यात पैसे भरले की पावती काठीवर मिळायची. हजार पौंडांसाठी तळहाताएवढी रुंद खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी आणि एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा. लांब तुकडा पैसे भरणाऱ्याला, त्याचं नाव स्टॉक. आखूड तुकडा खजिन्यात, त्याचं नाव फॉइल. बँकेच्या स्लिपचं काउंटरफॉइल आठवलं ना? आणि या काठीचं नाव होतं टॅली! हो, तेच, आपल्या सॉफ्टवेअरचं.

हिशोबाला दोन्ही तुकडे जुळवायचे. एकट्याने खाच वाढवली तर लगेच पकडला जायचा.

हे वाचताना मला माझी उधारीची वही आठवली. एक जुना गिऱ्हाईक म्हणाला, "साडेचार हजारच आहेत." माझ्या वहीत सात हजार दोनशे. पण वही माझी, अक्षर माझं, सही कुणाचीच नाही. माझ्याकडे फॉइल होतं, त्याच्याकडे स्टॉक नव्हता! २,७०० रुपये सोडले, माणूसही तुटला. आता उधारीला कार्बन लावून डबल पावती, सही घेऊनच.

पुढे सरकारला दिलेलं कर्ज, कंपनीचं भांडवल, विक्रीचा माल, सगळ्यालाच स्टॉक म्हणू लागले. ईस्ट इंडिया कंपनी चालली ती जॉइंट स्टॉकवरच. अमेरिकन लोक मालाला बहुतेक इन्व्हेंटरी म्हणतात आणि शेअरला स्टॉक. आपण ब्रिटिशांकडून मालाचा अर्थ घेतला, शेअरचा नंतर टीव्हीवरून कानावर पडला. म्हणून गोंधळ.

काठ्यांचा कारभार १८२६ मध्ये बंद झाला. १८३४ मध्ये साठलेल्या जुन्या काठ्या लंडनच्या संसदेखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आणि त्या आगीत संसदेची इमारतच जळाली. जुनी बिलं, वह्या किती वर्षं ठेवायच्या, जीएसटी काय म्हणतो, ते पुढच्या व्हिडिओत बघू.