काव्यप्रेरणेचा उगम

कविता स्फुरते की रचली जाते, हा प्रश्न प्राचीन आहे. भिक्खू वंगीसांनी म्हटलेल्या गाथा आधी योजलेल्या होत्या की त्याच क्षणी सुचल्या, असे तथागतांनी त्यांना विचारल्याचे संयुत्तनिकायात आले आहे. त्याच क्षणी सुचल्या, हे उत्तर ऐकून तथागतांनी आणखी गाथा म्हणावयास सांगितले. थेरीगाथेतील भिक्खुणींना तर उखळ-मुसळाच्या कष्टांतून आणि लेकराच्या वियोगातून शब्द लाभले.

मात्र केवळ दुःखाने कविता सिद्ध होत नाही. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले. बालपणीच पोलिओने पाय अधू केला. कवितेची गोडी आईकडून लागली. 'रूपगंधा' (१९६१) ते 'एल्गार' (१९८३) या वाटचालीत त्यांनी गझलेचे वृत्त, काफिया आणि रदीफ कसोशीने घोटले. प्रेरणा ही ठिणगी, तर साधना हे इंधन होय.

म्हणून वसतिगृहातील एखाद्या मुलाने दूरच्या आईविषयी किंवा वरूडच्या संत्राबागेत राबणाऱ्या बापाविषयी चार ओळी लिहिल्या, तर पालकांनी व शिक्षकांनी प्रथम त्या ऐकाव्यात; शुद्धलेखन व वृत्त नंतर शिकवावे. वंगीसांना लाभला तसा श्रोता प्रत्येक मुलाला लाभावयास हवा.