सम्राट फुलपाखरांच्या वाटेवर : एका प्रवासाची आखणी

प्रवासाची आखणी करावयाची म्हटले, म्हणजे आपल्याकडे प्रथम सुट्टीचे पत्रक पाहतात, नंतर आगगाडीचे वेळापत्रक, आणि सरतेशेवटी घरातील वडील माणसांचा कल. ज्या प्रवासाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याचे वेळापत्रक मात्र अवघ्या अर्ध्या ग्रॅम वजनाच्या एका जीवाच्या हाती आहे. तो जीव म्हणजे उत्तर अमेरिकेतील मोनार्क, अर्थात सम्राट, या नावाचे फुलपाखरू. भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगून आम्ही व आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रवास कागदावर आखला. प्रत्यक्ष जाण्याचा योग आम्हांस आलेला नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

आपल्या गावाबाहेरील माळावर रुई उगवते. तिच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यापासून केशरी पंखांचे, काळ्या कडेचे जे फुलपाखरू होते, त्याचाच मोनार्क हा थोरला भाऊबंद. त्याची अळीही रुईच्या कुळातील चिकाच्या झाडांवरच वाढते, आणि त्या चिकातील विष अंगी भिनल्यामुळे बहुतेक पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. उन्हाळ्यात हा प्राणी कॅनडाच्या दक्षिण भागापर्यंत पसरतो. त्या दिवसांत त्याचे आयुष्य दोन ते सहा आठवड्यांचे. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस जी पिढी जन्मास येते ती निराळी. ती अंडी घालण्याचे काम लांबणीवर टाकते, आठ महिनेपर्यंत जगते, आणि पूर्वी कधीही न पाहिलेल्या मेक्सिकोतील डोंगरांकडे निघते. कित्येकांची वाट ४,००० किलोमीटरांहून अधिक भरते.

येथे वर्गातील एकाने हात वर केला : "सर, मग त्यांना वाट दाखवायला म्हातारे कोणीच नसते का?"

कोणीच नसते. आकाशात सूर्य कोठे आहे आणि दिवसाची वेळ कोणती, या दोहोंचा मेळ घालून ही फुलपाखरे दक्षिणेची दिशा धरतात, एवढे संशोधकांनी दाखवून दिले आहे.

आता रस्ता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पस्तीस क्रमांकाचा महामार्ग सुपीरियर सरोवराच्या काठच्या डुलुथपासून मेक्सिकोच्या सरहद्दीवरील लारेडोपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटर दक्षिणोत्तर धावतो. फुलपाखरांची मोठी वाटही जवळजवळ त्याच्याच अंगाने जाते. या मार्गावरील सहा राज्यांच्या रस्तेखात्यांनी रस्त्याच्या कडेने रुईकुळातील झाडे व रानफुले राखण्याविषयी २०१६ साली करार केला. मोटारीस हे अंतर तीन-चार दिवसांचे, फुलपाखरांस दीड-दोन महिन्यांचे. सबंध वाट त्यांच्यासंगे चालणे कोणा नोकरदार गृहस्थास शक्य नाही. तेव्हा आमच्या मुलांनी मुक्काम आधी न ठरविता महिने आधी मांडले. ऑगस्टच्या अखेरीस मिनेसोटा, सप्टेंबरच्या मध्यानंतर कॅन्सस, ऑक्टोबरात ओक्लाहोमा व टेक्सस, नोव्हेंबरच्या आरंभी मेक्सिको. ज्यास जी सुट्टी मिळेल त्याने तो तुकडा घ्यावा.

टेक्ससचा तुकडा घेणाऱ्याने वाऱ्याकडे लक्ष ठेवावे. दक्षिणेचा वारा समोरून लागला की फुलपाखरे खाली बसून राहतात. उत्तरेचा थंड वारा सुटला की त्यावर स्वार होऊन निघतात. सायंकाळी नदीकाठच्या पेकान वृक्षांवर ती दाटीने रात्रीच्या वस्तीस उतरतात. म्हणून या भागात दिवसभर गाडी पळविण्यापेक्षा ऊन उतरण्यापूर्वी नदीकाठ गाठणे अधिक शहाणपणाचे.

या वाटेचा शेवट कोठे होतो, हे शास्त्रज्ञांस १९७५ पर्यंत ठाऊक नव्हते. टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनी अनेक वर्षे फुलपाखरांच्या पंखांवर चिमुकल्या चिठ्ठ्या चिकटवून शोध चालविला. शेकडो स्वयंसेवक त्यांस साह्य करीत. जानेवारी १९७५ मध्ये त्यांचे साहाय्यक केन ब्रगर व कातालिना आग्वादो यांस मिचोआकान प्रांतातील डोंगरावर फुलपाखरांनी लगडलेले वृक्ष सापडले. (तेथील खेडुतांस ती पिढ्यानपिढ्या परिचयाची होती, मृतांच्या स्मरणाच्या सणास येणारे ते आपल्या माणसांचे आत्मेच, अशी त्यांची समजूत.) पुढील वर्षी अर्कहार्ट स्वतः तेथे गेले असता, फुलपाखरांच्या भाराने एक फांदी मोडून खाली आली. त्या राशीत पांढऱ्या चिठ्ठीचे एक फुलपाखरू निघाले. ती चिठ्ठी ऑगस्ट १९७५ मध्ये मिनेसोटातील चास्का गावी एक शिक्षक व दोन शाळकरी मुलगे यांनी चिकटविलेली होती. ही हकिगत वाचून दाखविली तेव्हा मागल्या बाकावरील मंडळीही सावरून बसली, हे नमूद केले पाहिजे.

शेवटचा टप्पा मेक्सिको शहरापासून मोटारीने तीन-चार तासांचा. आंगांगेओ गावी मुक्काम करावा. एल रोसारियो व सिएरा चिंकुआ ही दोन्ही अभयस्थाने तेथून जवळ आहेत. ती साधारणतः नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत उघडी असतात, व जानेवारी-फेब्रुवारी हा काळ उत्तम. उंची सुमारे ३,००० मीटर असल्याने चढताना दम लागतो. उबदार कपडे हवेत आणि घाई नको. पोहोचावे ते दुपारच्या सुमारास, कारण थंडीत फुलपाखरे ओयामेल नावाच्या सूचिपर्णी वृक्षांवर निश्चल लोंबत असतात. ऊन पडले तरच उडतात. ढग आले तर? त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा, असे एका विद्यार्थिनीने सुचविले, व ते आम्ही तत्काळ मान्य केले.

दुसऱ्या एकाने विचारले, "फांदी हलविली तर सगळी एकदम उडतील ना?" उडतील, यात शंका नाही. परंतु वाटेत फुलांतील मध पिऊन जी चरबी त्यांनी साठविली, तिच्यावरच त्यांस बव्हंशी मार्चपर्यंत तग धरावयाचा असतो. आपल्या मौजेसाठी ती एकवार उडाली, तरी तेवढी शिदोरी कमी होते.

शिदोरीहूनही मोठे संकट झाडांचे. दाट ओयामेल वन हेच त्यांचे पांघरूण व हीच छत्री. झाडे विरळ झाली की पाऊस अंगावर येतो, आणि भिजलेले फुलपाखरू रात्रीच्या गोठविणाऱ्या थंडीत वाचत नाही. जानेवारी २००२ मधील एकाच वादळात तेथे कोट्यवधी फुलपाखरे मेली. आता ५६,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र राखीव आहे. परंतु लाकडावर ज्यांची चूल चाले, त्यांनी झाडास हात लावावयाचा नाही तर जगावे कशावर? वाटाडे, घोडेवाले, खाणावळवाले यांस प्रवाशांकडून जे मिळते ते त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे; म्हणून वाटाड्याच्या मोबदल्यात घासाघीस करू नये, असे आम्ही आखणीत मुद्दाम लिहविले. उत्तरेकडे मका व सोयाबीनच्या शेतांत तणनाशकांनी रुईकुळातील झाडे नाहीशी केली, तो घाव निराळाच. फुलपाखरांची गणना त्यांनी व्यापलेल्या वनाच्या क्षेत्रावरून करितात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये पाऊण हेक्टरही भरले नाही. २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर होते. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

परतीसाठी मुलांनी मार्च महिना धरला. त्या दिवसांत विटलेल्या, झिजलेल्या पंखांची तीच फुलपाखरे उत्तरेकडे निघतात, उत्तर मेक्सिको व टेक्सस येथे अंडी घालतात, आणि मरतात. पुढील वाट त्यांची मुले व नातवंडे चालतात. ती पुष्कळदा रस्त्यावरून खालूनच उडत जातात व मोटारींवर आपटतात. तेव्हा डोंगर उतरताना गाडी अगदी हळू हाकावी, मग रात्री मुक्कामास उशीर झाला तरी चालेल, असे आखणीच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे. ते अक्षर फांदी हलवू पाहणाऱ्या मुलाचे आहे.