कांद्याचा बाजार आणि धोरणाची अनिश्चितता

भाव चढला की ग्राहक रडतो, पडला की शेतकरी, असे कांद्याविषयी आपण सहज म्हणतो. परंतु भावाच्या चढउताराहून निराळी एक आपत्ती आहे. उद्याचा नियम काय असेल हे आज ठाऊक नसणे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरविले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच थांबविली. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतची होती. ती लांबली व ४ मे रोजी उठली, तीही ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्काच्या अटींसह. शुल्क पूर्णतः गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

यातील डिसेंबर आपण विचारात घेऊ. त्या दिवसांत लासलगावच्या बाजारात खरिपाचा लाल कांदा येतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. लाल कांद्यास ती सवलत नाही. म्हणून भाव कोसळला तरी शेतकऱ्यास थांबता येत नाही. व्यापाऱ्याची अडचण वेगळी. परदेशी ग्राहकाशी सौदा आज ठरतो आणि माल बंदरात पोहोचेपर्यंत नियम बदललेला असू शकतो. हा धोका तो एकटा कशाला सोसेल? तो लिलावात बोलीच कमी लावतो.

शहरी ग्राहकास स्वस्ताई मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. हातावर पोट असलेल्या घरात तिचे मोल मोठे. मात्र पोळलेला शेतकरी पुढील हंगामी लागवड आखडती घेतो, आवक घटते, आणि तोच ग्राहक पुन्हा चढा भाव मोजतो.