घर बघताना विसावं वर्ष बघ

तुम्ही दोघं परळ-लालबागकडे टॉवरमध्ये घर बघताय, म्हणून आत्या या नात्याने सांगते. टॉवरचं घर पहिल्या वर्षी छानच असतं. वारा येतो, डास येत नाहीत, रस्त्याचा गोंगाट वर पोचत नाही. मुंबईत जमीनच उरली नाही, तेव्हा वर गेल्यावाचून इलाज नाही, हेही मला कळतं. पण ते घर विसाव्या वर्षी कसं असेल, हे बघून ते घ्यायचं असतं. बँकेत नोकरी झाली, निवृत्तीनंतर सोसायटीची खजिनदारी अंगावर आली, त्यामुळे इमारतीची तब्येत मला तिच्या वह्यांतून दिसते.

आधी पैशाचं बोलू. सॅम्पल फ्लॅट दाखवणारी मंडळी मेंटेनन्स चौरस फुटाला किती ते सांगतात. तो आकडा आजचा. त्यात लिफ्टचा वार्षिक करार, पंप, जनरेटर, वॉचमन, क्लबहाउसचा एसी एवढं बसतं. लिफ्ट बदलणं बसत नाही. लिफ्टचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षं, आणि उंच इमारतीची वेगवान लिफ्ट जुन्या चार मजली सोसायटीच्या लिफ्टच्या भावात मिळत नाही. बाहेरच्या रंगाचं, प्लास्टरचं, पाइपांचं तेच. चार मजल्यांना बांबूची परांची बांधून काम होतं. तीस मजल्यांवर झुला सोडावा लागतो, दोरावर लटकून काम करणारी माणसं आणावी लागतात, तीही वारापाऊस नसेल तेव्हा. खाऱ्या हवेत सळ्या गंजत असतातच.

यासाठी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तजवीज आहे. जमिनीची किंमत सोडून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी दर वर्षी घ्यायचा असतो. सभासद कुरकुरतात म्हणून कमिट्या तो कमी घेतात, आणि पंधरा वर्षांनी एकदम लाखाची वर्गणी मागायची वेळ येते. तेव्हा निम्मे लोक निवृत्त झालेले असतात. म्हणून जुन्या इमारतीतलं घर घेणार असशील तर मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद माग. सिंकिंग फंड मुदत ठेवीत आहे का आणि थकबाकी किती आहे ते बघ. फंड रोजच्या खर्चात गेला असेल तर कितीही आवडलं तरी ते घर सोड. इमारत नवी असेल तर त्याच बिल्डरची पंधरा वर्षं जुनी इमारत भर पावसाळ्यात बघून ये आणि तिथल्या वॉचमनशी बोल. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर रेराप्रमाणे बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. चौथ्या वर्षी इंजिनिअर आणून गळतीची, तड्यांची यादी लेखी द्या. सहाव्या वर्षी आरडाओरडा करून काही मिळत नाही.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. दादर, पार्ले, मुलुंडला आपल्या नात्यातल्यांच्या जुन्या इमारती पाडून नव्या झाल्या, मोठी घरं फुकट मिळाली, वर भाडं आणि कॉर्पसही. यात बिल्डरचं औदार्य नव्हतं. जुनी इमारत तीन-चार मजली, सोळाएक घरांची, आणि त्याच भूखंडावर आता जास्त एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी. वरचे मजले विकून त्याने खालच्या सोळा कुटुंबांचा खर्च काढला. तू घेशील त्या चाळीस मजली इमारतीने एफएसआय, टीडीआर, सगळं वापरून संपवलेलं असेल. पन्नास वर्षांनी ती जीर्ण झाली तर विकायला आणखी मजले कुठून आणणार? पाडायचा आणि बांधायचा खर्च तिथल्या तीनशे-चारशे कुटुंबांना खिशातून घालावा लागेल. पुनर्विकासाला कागदोपत्री ५१ टक्के संमती पुरते. पैसे मात्र शंभर टक्के घरांकडून यावे लागतील. फुकट पुनर्विकास ही आपल्या पिढीला एकदाच मिळालेली गोष्ट आहे. ती तुझ्या मुलांच्या हिशोबात धरू नकोस.

जमिनीचाही विचार कर. हजार चौरस मीटरचा भूखंड सोळा घरांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबासष्ट चौरस मीटर येतात. दोनशे घरांत वाटला तर पाच. बांधकाम दर वर्षी जुनं होतं, किंमत टिकते ती जमिनीची. तीही कन्व्हेयन्स होऊन सोसायटीच्या नावावर झाली असेल तरच. झाली नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केलाय का, हे विचार.

देखभालीच्या खर्चाचंच आणखी सांगते. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेली माणसं ती. बातमी पाहून डोळे भरून आले. पण घर मोफत मिळालं तरी पुढे लिफ्ट चालवायला पैसे लागतात. ज्यांचं उत्पन्न बेताचं आहे त्यांनी तर आजपासून निधी साठवायला हवा.

पैसा कसाही उभा करता येईल, वेळ नाही करता येत. कॅनडातल्या टोरांटो भागातला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणारे ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के, सोळाव्याच्या वर एक टक्काही नाही. पंचविसाव्या मजल्याच्या वरचं कोणीच वाचलं नाही. रुग्णवाहिका फाटकाशी वेळेत येते, पुढचा वेळ लिफ्टची वाट बघण्यात जातो. दादा-वहिनी तुमच्याजवळ राहायला येतील तेव्हा त्याच्या गुडघ्यांचं आणि तिच्या बीपीचं बघायचं आहे. म्हणून स्ट्रेचर आडवं मावेल अशी एक तरी लिफ्ट हवी, आणि वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालली पाहिजे. रुग्णवाहिका आली की वॉचमनने लिफ्ट खाली धरून ठेवायची, हा नियम सभेत करून घ्या. छाती दाबून हृदय चालू ठेवायचं शिक्षण तुम्ही दोघांनी घ्याच. आणि खालचा मजला मागताना आकड्यावर जाऊ नकोस. पार्किंगचे पाच-सहा मजले झाल्यावर जो पहिला मजला म्हणून विकतात, तो जिन्याने सातवा असतो.

आगीबद्दल थोडं, पण कान देऊन ऐक. मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरपर्यंत जाते, म्हणजे तीसेक मजले, तेही गाडी उभी करायला मोकळी जागा असेल तर. त्याच्या वर इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेवरच भिस्त. २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या ६० मजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. जीव वाचवायला बाल्कनीला लटकलेला सुरक्षारक्षक खाली पडून गेला. आग बघायला वर गेलेला माणूस होता तो. दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी होऊन फॉर्म बी भरला जातो का, हे कमिटीला विचार. आगीच्या वेळी आसरा घ्यायच्या रेफ्युज मजल्यावर कोणी जुनं सामान ठेवलंय का, जिन्याची दारं विटा लावून उघडी ठेवलीत का, हे स्वतः बघ. घर घेण्याआधी त्या मजल्यावरून जिन्याने खाली उतर. पिल्लू कडेवर असताना जमेल का, ते तुझं तुला कळेल.

आणि पिल्लाचंच सांगते. चाळीत पोर गॅलरीतून खेळायला निसटायचं, चार घरांच्या नजरेत असायचं. सत्ताविसाव्या मजल्यावरून त्याला खाली जायला मोठं माणूस लागतं. मोठ्याला वेळ नसला की त्याच्या हाती मोबाइल येतो. म्हाताऱ्यांचंही तेच; खाली उतरायचा कंटाळा, मग आठवडा तसाच जातो. संध्याकाळी सहाला सगळ्यांनी खाली, हा घरचा नियम पहिल्या दिवसापासून ठेव. शेजारच्या दोन घरांची किल्ली आणि फोन नंबर तुझ्याकडे, तुझे त्यांच्याकडे, हेही लगेच करून टाक. खिडक्यांना जाळ्या राहायला जाण्याआधी बसव.

टोकनचा चेक लिहायच्या आत ताळेबंद, कन्व्हेयन्सचे कागद आणि शेवटचा फॉर्म बी माझ्याकडे पाठव. इमारत पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही पाठव. मी बसून वाचते आणि घ्यायचं की नाही ते स्पष्ट सांगते.