पोहता न येणाऱ्यांनी शर्म अल-शेखला जावं का?

प्रश्न : डिसेंबरमध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला जायचा विचार आहे. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. प्रवाळ पाहता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर जा, पण हॉटेल निवडताना किनारा कसा आहे ते आधी विचारा. सिनाई द्वीपकल्पाच्या या टोकाला अनेक ठिकाणी प्रवाळ अगदी काठालाच लागून आहे. तिथे वाळूवरून चालत पाण्यात उतरता येत नाही. धक्क्यावरून पुढे जावं लागतं आणि त्याच्या टोकाशी पाणी एकदम खोल होतं. पोहणाऱ्यांची चैन, तुमची मात्र पंचाईत! नामा बे भागात वाळूचा उथळ किनारा आहे, तो तुम्हाला सोयीचा. प्रवाळ पाहायला काचेच्या तळाच्या बोटी मिळतात. स्नॉर्केलिंग करायचंच असेल तर लाइफ जॅकेट घालून, प्रशिक्षकासोबत करा. प्रवाळावर पाय मात्र मुळीच ठेवू नका. तो सजीव आहे, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटर वाढतो. १९८३ मध्ये संरक्षित झालेल्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात तर हे कटाक्षाने पाळा.

डिसेंबरात दिवसा हवा सुखद असते, पण पाण्याबाहेर आल्यावर वारा झोंबतो. सहाव्या शतकातला सेंट कॅथरीन मठ आणि २,२८५ मीटर उंचीचा सिनाई पर्वत पाहणार असाल, तर जाड स्वेटर, कानटोपी हवीच. पहाटे तिथे कडाक्याची थंडी असते. काही देशांच्या नागरिकांना फक्त सिनाईपुरता मोफत प्रवेश-शिक्का मिळतो. त्यावर विसंबू नका, भारतातूनच व्हिसा घेऊन निघा.