सवाईच्या मांडवात बसताना

पोरी, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला निघालीस ना, मग जाण्याआधी थोडं ऐकून जा. शाल कुठली घ्यायची आणि कुठल्या स्टॉलवर काय खायचं, ते तुझ्या मैत्रिणी सांगतीलच. मला सांगायचंय ते तुझ्या शेजारी, मागे, पुढे बसणाऱ्या माणसांबद्दल. त्यांच्यातला कुणी वर्षभर पैसे साठवून आलेला असतो, कुणी रजा टाकून कोल्हापूर-धारवाडहून आलेला असतो. त्यांच्या कानात जाणाऱ्या सुराच्या आड आपण यायचं नाही, एवढंच सांभाळायचं. ते सांभाळायला कधी काय करायचं हे कळावं लागतं.

सगळ्यात आधी उठण्याचं. राग चालू असताना उठू नये. बडा ख्याल सुरू झाला की तो अर्धा तास, पाऊण तास, कधी त्याहून जास्त चालतो. आधी विलंबित, मग द्रुत बंदिश, कधी त्यावर तराणा. लय वाढली म्हणजे गाणं संपत आलं असं नव्या श्रोत्याला वाटतं आणि तो पिशवी आवरायला लागतो. गाणारा तर तेव्हा कुठे रंगात आलेला असतो. द्रुत संपून टाळ्या पडल्या की मग ऊठ. भारतीय बैठकीत एक माणूस उभा राहिला तरी मागच्या कितीतरी जणांचा रंगमंच झाकला जातो, आणि वाट काढताना कुणाच्या ना कुणाच्या बोटांवर पाय पडतोच. सारखं बाहेर जावं लागणार असेल तर कडेला बस. उशीर झाला तर दारापाशी थांब आणि तो राग संपल्यावर आत ये. तिथे उभं राहूनही गाणं नीट ऐकू येतं.

आता ज्या गोष्टीकडे फार थोड्यांचं लक्ष असतं ती सांगते. कलाकार येऊन बसले, तानपुरे लागायला लागले की लोकांना वाटतं, ही मधली सुट्टी. मोठमोठ्याने गप्पा सुरू होतात, लांबच्या मित्राला हाका जातात. पण तानपुरा लावणं हे अतिशय नाजूक काम आहे. पहिली तार पंचमाची, किंवा रागाप्रमाणे मध्यमाची नाहीतर निषादाची; मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोडीच्या म्हणतात, आणि शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीकसा तुकडा असतो, तो केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढायची. हे सगळं कानाने. डिसेंबरात पुण्याची संध्याकाळ झपाट्याने गार होते, दुपारी जुळवलेली तार रात्री तशीच राहत नाही, म्हणून रागाच्या मधेही कलाकार थांबून तारा पाहतात. तेव्हा आपण गलबला केला तर त्यांना स्वर कसा ऐकू यावा? टाळ्या संपल्यापासून नवा कलाकार बसेपर्यंत काय बोलायचं ते बोलून घे. तार छेडली की आवाज खाली. भीमसेन जोशींनी १९५३ साली हा उत्सव सुरू केला तो आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ, आणि हे गुरू-शिष्य किराणा घराण्याचे. स्वराच्या सच्चेपणावर उभं राहिलेलं हे घराणं, त्याच्या मांडवात तानपुऱ्यालाच शांतता मिळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

दाद द्यायला लाजू नकोस. आपल्या बैठकीत श्रोत्यांनी दगडासारखं बसणं अपेक्षितच नाही. दाद मिळाली की गाणाऱ्याला बळ येतं. पण ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, द्यावी. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभरही चालतं, तेवढ्या अवकाशात कलाकार एकेक स्वर मांडत, बढत करत मुखड्याकडे, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या शब्दांकडे, येतो आणि समेवर टेकतो. तिथे मनापासून 'वाह' निघाली तर ती कुणालाच खुपत नाही. तीच 'वाह' आलापाच्या मधे, स्वर अजून हवेत असताना आली तर शेजाऱ्याचा तो क्षण गेला. सम ओळखता येत नसेल तर थोडी आवर्तनं नुसती ऐक, मुखडा कुठे येतो ते पाहा. तोवर मान हलली तरी पुरे. ताल धरायचा तर आपल्या मांडीवर, बोटांनी. पुढच्याच्या खुर्चीवर नाही. ओळखीची बंदिश आली म्हणून सोबत गुणगुणूही नये, तुझा आवाज गोड असला तरी. आणि राग ओळखण्याची शर्यत लावू नका. हा मारवा की पूरिया, हे कुजबुजत ठरवेपर्यंत त्या दोघांतला फरक जिथे दिसतो ती जागा निघून जाते.

मोबाइल बंद ठेव, नुसता मुका नको. मांडवात अंधार असतो, आणि मांडीवर उजळलेला पडदा मागच्या तीन ओळींच्या डोळ्यांत जातो. रेकॉर्डिंग करू नये. ते कलाकाराच्या आणि आयोजकांच्या हक्काचं आहेच, शिवाय हात उंचावून धरलेल्या मोबाइलमागे बसलेल्याला गायक दिसत नाही.

पर्समध्ये खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची कांडी टाक. थंडी, धूळ आणि गर्दी, खोकला यायचाच. फार आला तर रुमाल तोंडावर धरून बाहेर जा. राग चालू असताना उठू नये म्हटलं, त्याला एवढा एक अपवाद. प्लॅस्टिकची पुडी आत फोडू नकोस, खाणं बाहेरच उरकून ये. अत्तर कमी लाव. पाय अवघडले तर कलाकाराकडे तळवे करून पसरू नकोस, मांडी बदल.

जागेचं सांगते, कारण भांडणं त्यावरूनच होतात. एका चादरीवर आठ जणांची जागा धरून ठेवायची आणि ते आठ जण रात्री मोठ्या गायकाच्या वेळी उगवायचे, हे करू नका. पहिल्या कलाकाराचं संपेपर्यंत माणूस आला नाही तर चादर गुंडाळ आणि जो उभा आहे त्याला बस म्हण. त्यात गुडघ्यांनी थकलेलं कुणी असेल तर कडेची जागा त्यांना दे, उठताना हात दे.

दुपारी सुरुवातीला बहुधा नवा कलाकार असतो, आणि मांडव अर्धा रिकामा. तू तुझ्या लाडक्या सतारियासाठी चाललीस हे मला ठाऊक आहे. तरी दुपारीच जाऊन बस. या मंचावर येण्यासाठी त्या मुलाने किंवा मुलीने पंधरा-वीस वर्षं घासलेली असतात, आणि समोर रिकाम्या खुर्च्या किंवा गप्पा मारणारी माणसं दिसली तर ते गाण्यात उतरतंच. तुझ्या सतारियाचं वाजवून झालं की तुम्ही दहाजणी एकदम उठून जाऊ नका. पुढचा कलाकार तेव्हा मंचाच्या पायऱ्या चढत असतो, त्याला तुमच्या पाठी दिसतात. त्याचा पहिला राग ऐका, मग जायचं तर जा.

पूर्वी हा उत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा आणि रात्र रात्र गाणं चालायचं, तेव्हा कुणी पहाटे तिथेच डुलक्या काढायचं, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आता ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे रात्री दहाला आवरावं लागतं, एखाद्या दिवशी बारापर्यंत मुभा मिळते. कलाकाराला मोजका वेळ असतो, म्हणून फर्माइशींच्या आरोळ्या ठोकू नका. काय गायचं ते त्याने ठरवलेलं असतं, आणि तुमच्या आग्रहाची मिनिटं शेवटच्या कलाकाराच्या वाट्यातून जातात.

आणि शेवटच्या दिवशी सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांचं ध्वनिमुद्रण लावायची प्रथा आहे. मंच रिकामा दिसतो म्हणून लोक गाडी काढायला धावतात, सतरंज्या झटकायला लागतात. तुला शेवटची बस गाठायची असेल तर त्याच्या आधीच, टाळ्या चालू असताना, नीघ. थांबलीस तर ते संपेपर्यंत बस, आणि सतरंजी मांडवाबाहेर नेऊन झटक.